तुरट, पण कडू नको

माझ्या सासऱ्यांना सगळं लातूर आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणत आले. गोलाईजवळच्या एका गल्लीत त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, नीळ दिलेलं पांढरं धोतर. इथपर्यंत ते आमच्या समाजातल्या कुठल्याही व्यापाऱ्यासारखे दिसत. मग नजर खाली गेली की माणूस चपापायचा. त्यांच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला असत. एक जुनी, काळी पडलेली, आणि दुसरी कोरी करकरीत. एक चप्पल झिजली की ते तेवढीच एक नवी करून घ्यायचे. "जी झिजली न्हाई तिनं का गुन्हा केला?" असं विचारायचे. 

मी भोकरची. लग्न होऊन आले त्याच महिन्यात आप्पांनी मला विचारलं, "बेरीज येती का?" मी कॉमर्सला एक वर्ष काढलेलं होतं. हो म्हटलं. "मग उद्यापासून गल्ल्यावर बस." स्वयंपाकघरात अव्वांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातून पळी पडली. व्यापाऱ्याच्या घरची नवी सून दुकानात बसते हे त्या वेळी लातुरात कुणी बघितलेलं नव्हतं. बातमी भोकरला पोचली. माझे वडील एसटीनं आले आणि बैठकीत नुसते बसून राहिले. व्यापार बुडाला काय, असं त्यांना वाटलं होतं. आप्पांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "तुमची पोरगी माझ्याहून लवकर बेरीज करून राहिली. तिला भाकरीच थापायला बसवू का?" वडिलांनी चहा संपवला. जाताना मला म्हणाले, "तुझा सासरा माणूस चांगला हाय, पण जपून राहा."

जपून राहणं आमच्या घरात अवघड होतं. लातूरचा नवा जिल्हा झाला आणि गावात बाहेरची माणसं यायला लागली. कलेक्टर कचेरी, नवी कोर्टं, नवी खाती. त्यांची बायकापोरं वेगवेगळ्या बोली बोलत बाजारात फिरायची. आप्पांना त्यांचं मोठं कौतुक. त्याच सुमारास ते मुंबईला एका लग्नाला गेले आणि तिथं त्यांनी सुपर मार्केट बघितलं. लग्न बघितलं की नाही कोण जाणे, परत आल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून त्यांनी दुकानातलं काउंटर उखडून टाकलं. त्यांच्या वडिलांनी उदगीरहून बैलगाडीत घालून आणलेलं सागवानी काउंटर होतं ते. त्याच्या फळ्या भिंतीला लावल्या, बांबूच्या टोपल्या दाराशी रचल्या आणि पाटीवरचं 'किराणा' पुसून 'सुपर मार्केट' लिहून घेतलं.

पहिले कितीतरी दिवस बायका उंबऱ्यावरच थबकायच्या. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरावं तसं त्यांना वाटत असणार. "हात लावला तर चालतंय का?" असं हळूच विचारायच्या. "हात लावा, वास घ्या, दाणा तोंडात टाकून बघा," आप्पा म्हणायचे. "माल तुम्ही खाणार, मी का म्हणून मधी उभा राहू?" पण आमच्या दुकानात शेताच्या कामावरच्या, धुणंभांडी करणाऱ्या बाया जेवढ्या आल्या तेवढ्या दुसरीकडं कुठं गेल्या नाहीत. बाकीच्या दुकानांत त्यांना पायरीखाली उभं राहून माल मागावा लागायचा. आमच्याकडे त्या टोपली घेऊन वाण्याच्या फळ्यांमधून हिंडायच्या.

आप्पांचे दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही. वस्तू नसली की ते म्हणायचे, "येऊन राहिलंय." आणि मग ती खरोखर आणायची खटपट सुरू व्हायची. दुसरा, स्वतः चाखल्याशिवाय काही विकायचं नाही. नव्या दवाखान्यातल्या केरळच्या नर्सनं खायचं खोबरेल मागितलं, तर आप्पांनी घरात आठवडाभर खोबरेलाच्या फोडण्या द्यायला लावल्या. डोक्याला लावायचं तेल आमटीत बघून अव्वांना मळमळायचं. आप्पा मात्र शांतपणे जेवायचे आणि शेवटी म्हणायचे, "ह्याच्यात बटाटा लई चांगला लागतो." एका बंगाली कारकुनासाठी मोहरीचं तेल आणलं, तेव्हा शेजारचे लोक काय जळतंय बघायला आले.

ह्या सगळ्याला गाव हसत होतं. हसण्यावारी नेता येत होतं तोवर आमचं बरं चाललेलं होतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही धड नव्हता. हापसे कोरडे पडले, चौकात टँकर आला की घागरींच्या रांगा लागायच्या, भांडणं व्हायची. आजूबाजूच्या गावांतली माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला जात होती. भूजल खात्याचे एक साहेब जीप घेऊन गावोगाव फिरत, बोअर कुठं मारायची ते दाखवायचे. ते गोव्याचे होते. बहुतेक दिवस बाहेरच असायचे, आणि घरात त्यांची आई एकटी.

ती बाई एका दुपारी दुकानात आली. पोटरीपर्यंतचा फुलाफुलांचा झगा, आखूड कापलेले पांढरे केस, हातात सुताची जाळीदार पिशवी. तिनं तांदूळ घेतला, सुक्या मिरच्या घेतल्या, मिरची मोडून वास घेतला. मग माझ्या गल्ल्यासमोर येऊन, पण आप्पांकडं बघत, मोकळ्या आवाजात म्हणाली, "शेट, तांबडी वाईन आसा? बरी जाय, पूण म्हारग नाका."

आप्पांनी अंदाज घेतला. "चांगली पायजे अन् महाग नको, न्हाई का?"

"हां. तशीच."

"येऊन राहिलंय," आप्पा म्हणाले.

ती 'देव बरें करूं' असं काहीसं म्हणून गेली. दुकानात एक वकिलीणबाई होत्या. त्यांनी भरलेली टोपली खाली ठेवली आणि काही न घेता निघून गेल्या. आमचे हे शिडीवर चढून डबे लावत होते, ते तसेच हातात डबा धरून राहिले.

"का झालं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, वाईन म्हणजे दारू," हे म्हणाले.

आप्पा दाराकडे बघत होते. "साखर मागावी तशी मागितली की तिनं," ते म्हणाले. "आवाज जरासुद्धा खाली आला न्हाई."

"मग आता?"

"आता का? शब्द देऊन बसलो."

हे दोघं बापलेक त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भांडले. ह्यांचं म्हणणं, चुकून दिलेला शब्द हा शब्द नसतो. आप्पांचं म्हणणं, गिऱ्हाईकानं चूक केली नव्हती, आपण केली होती. अव्वांना कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "चल माझ्यासंगं." मला वाटलं अडतीवर जायचंय. ते थेट स्टँडजवळच्या वाईन शॉपसमोर जाऊन उभे राहिले. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पदर डोक्यावर घेऊन उभी. आतली गिऱ्हाइकं विभूती बघून भिंतीला तोंडं करून उभी राहिली. दुकानदार धडपडत उठला. "आप्पा, तुम्ही? कुणी गेलं-बिलं ते सांगायला आलात का?"

"तांबडी वाईन पायजे. चांगली, परवडणारी."

त्या माणसानं सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली. पाटीवर वाईन लिहिलेलं, आणि दुकानात वाईन सोडून सगळं होतं. शेवटी कुठल्यातरी कोपऱ्यातून धूळ बसलेली एक बाटली निघाली. बाळंतिणीला ताकदीसाठी लोक नेतात म्हणाला. आप्पांनी ती कागदात गुंडाळायला नकार दिला, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून भर बाजारातून चालत निघाले. मी मागून चालत होते. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मला त्या दिवशी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

गोव्याच्या बाईंनी बाटली उघडून हुंगली आणि परत बूच लावलं. "शेट, हे औषध. साखरेचं पाणी."

"मग कशी असती ती?"

आप्पांनी हे इतकं मनापासून विचारलं की ती बाई विचार करायला लागली. तिचं मराठी थोडं, आप्पांचं कोकणी शून्य. दोघं फळं आणि मसाल्यांवरून एकमेकांना समजावत बसले. गोड नको. आंबट थोडी, पण दात आंबता कामा नयेत. कच्च्या सुपारीसारखी? नाही, तेवढी नाही. जांभळासारखी?

"हां," ती म्हणाली. "जांभूळ खाल्लं की जीभ धरते, तसं."

"तुरट," आप्पा म्हणाले. "पण कडू नको."

"कडू नाका."

त्यानंतर ते बाहेरगावच्या सगळ्या व्यापाऱ्यांना असं सांगत सुटले. सोलापूरला फोन लावून ओरडून सांगायचे, "तुरट पायजे, कडू नको." हैदराबादहून एक बाटली आली, तिचा पार आंबून शिरका झालेला. तीही घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. आप्पा एकटे जायचे नाहीत, मला न्यायचेच. त्या बाटलीवर बाई खूप हसल्या आणि म्हणाल्या, लोणच्यात घाला.

त्या दिवशी त्या जेवायच्या तयारीत होत्या. टेबलावर एक ताटली, भात, कसलीशी आमटी, आणि पाण्याचा साधा पेला. आप्पा उठायला लागले तर त्यांनी बसवून घेतलं.

"एक विचारू का बाई," आप्पा म्हणाले. "रागावू नका. ते पिल्यानं का होतं?"

"एका ग्लासानं काय होणार? काही नाही." त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारून अर्ध्या कोकणीत सांगितलं. "जेवण सावकाश होतं. माझा नवरा आणि मी बसायचो. एक घास, एक घोट, मग काहीतरी बोलणं. आता एकटी जेवते, तर भराभर गिळून उठते. ग्लास असला की थांबावं लागतं."

आप्पा म्हणाले, "मालक अन् तुम्ही एकदमच बसायचा जेवायला?"

"मग कसं बसणार?"

"आमच्यात आधी पुरुष. बाया मागून."

"मग तुमची बायको कधी जेवते?"

"आमचं सगळ्यांचं झाल्यावर."

"आणि तुम्ही तिच्याशी बोलता कधी?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मला माहीत असावं. त्या बाईंच्या तोंडावर जे उमटलं ते मी कधी विसरले नाही. गावभर आम्ही त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होतो, अगदी त्याच नजरेनं त्या आप्पांकडे बघत होत्या. काहीतरी भयंकर ऐकल्यासारख्या. 

पुण्याकडे द्राक्षांच्या मुलखात कुणीतरी वाईन करून राहिलंय, असं आप्पांना एका मनुक्याच्या व्यापाऱ्यानं सांगितलं. त्याच्यामार्फत एक बाटली आली. किंमत आप्पांच्या मते वाजवी होती. त्यांनी ती दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवली. दुकानात विकायची तर परवाना लागतो हे ह्यांनी बजावलं, तर आप्पा परवान्याचा अर्ज कुठं करायचा ते विचारून आले. लोणच्यांशेजारची एक फळी मोकळी करून पुसून ठेवली. ती रिकामी फळीच गावाला पुरेशी झाली.

मठातून दोन पंच येऊन गेले. आप्पा स्वतः पंचांपैकी एक होते. दर वर्षी स्वामींची पाद्यपूजा आमच्या घरी व्हायची आणि अव्वा त्यासाठी महिनाभर आधीपासून घर सारवायला घ्यायच्या. पंच म्हणाले, "आप्पा, हे खरं न्हाई असं एकदा म्हणा, आम्ही उठतो." आप्पा म्हणाले, "खरं हाय." पंच चहा तसाच ठेवून उठले. आता अव्वांनाही कळलं होतं. त्या माझ्याजवळ येऊन फक्त म्हणाल्या, "त्यानला येड लागलं का गं?" 

ह्यानं काही आप्पा थांबले नसते. थांबवलं ते सुभद्राबाईनं.

सुभद्राबाई आमच्याकडे दाणे निवडायला यायची. दुकानामागच्या अंगणात सूप घेऊन बसायची. तिचा नवरा पाझर तलावाच्या कामावर होता, आणि हप्ता मिळाला की वाटेतल्या हातभट्टीवर सगळा घालून यायचा. तिच्या पाठीवर वळ असायचे. आम्ही ते बघायचो आणि बोलायचो नाही. एका सकाळी ती अंगणाकडून आली नाही. पुढच्या दारानं आली, आणि तिच्यामागं पंधरावीस बाया होत्या. टोपल्या न घेता त्या आत शिरल्या आणि फळ्यांमधल्या सगळ्या वाटा भरून गेल्या. आरडाओरडा काही नाही. मला वाटलं टँकर येणार नाही म्हणून काही सांगायला आल्यात.

"आप्पा," सुभद्राबाई म्हणाली, "दारू येऊन राहिली म्हनं तुमच्याकडं."

"हातभट्टी न्हाई ती, सुभद्रे. मोठ्या लोकांची हाय. जेवताना एक पेला घेतात."

"माझा मानूस पन एका पेल्यानंच लागला."

आप्पांची नजर मोकळ्या फळीकडं गेली.

"तुमच्या दुकानात आमाला कुटं बी हात लावू देता," ती म्हणाली. "म्हनून आमी येतो. लेकरं संगं आनतो. उद्या ती बाटली त्या फळीवर आली, तर तिला बी हात लावू देनार का?"

बाकीच्या बाया आप्पांकडे बघत होत्या. मला गल्ल्यावर बसवेना, मी उभी राहिले. हे मागच्या दारात येऊन थांबले होते. आप्पा मागच्या खोलीत गेले आणि बाटली घेऊन आले. त्यांनी ती सगळ्यांच्या देखत गल्ल्यावर ठेवली. बूच काढायचं साधन आमच्याकडे नव्हतं. स्क्रूड्रायव्हरनं बूच आत ढकललं, त्यांच्या धोतरावर तांबडे शिंतोडे उडाले. मग माझा पाण्याचा पेला त्यांनी उचलला, त्यातलं पाणी न सांडता दुसऱ्या भांड्यात ओतलं, आणि पेल्यात वाईन घेतली.

"आप्पा, नका," हे म्हणाले.

"चाखल्याबगर मी का बोलू?"

त्यांनी गळ्यातली लिंगाची डबी सदऱ्याच्या आत सारली आणि पेला तोंडाला लावला. एक घोट. गिळला. मग दुसरा, सावकाश.  साठी उलटलेला माणूस, ज्याच्या घरात कांदासुद्धा सणाला चालत नव्हता. सुभद्राबाईनं पदर तोंडाला लावला. एवढं करा असं ती म्हणाली नव्हती, आणि आता मागं घेता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या वेळी आप्पांनी तोंड वाकडं केलं असतं, थुंकून टाकलं असतं, छी म्हटलं असतं, तर सगळं निभावलं असतं. पंच परत आले असते, अव्वांनी मठात नारळ फोडला असता, बायांनी हात जोडले असते. मला खात्री होती की ते तेच करणार. मनातल्या मनात मी त्यांना सांगतही होते, आप्पा, वाईट म्हणा.

आप्पांनी पेला खाली ठेवला.

"चांगली हाय," ते म्हणाले.

कुणीतरी मागं "यप्पा" असं पुटपुटलं.

"लई चांगली हाय, सुभद्रे. खोटं कसं बोलू. जांभळावानी लागती, अन् मागून काळ्या मनुक्याची चव येती. वाईट असती तर मी फळीवर ठेवली असती. एकदा घेऊन माणूस परत आला नसता." त्यांनी तळव्यानं बूच नसलेलं बाटलीचं तोंड झाकलं. "ही इथं ठेवायची न्हाई. तू म्हणती ते बरोबर हाय."

बाया तशाच उभ्या राहिल्या. त्यांचं काम झालं होतं, पण जे बघितलं त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग सुभद्राबाई अंगणात गेली आणि सूप घेऊन बसली. हळूहळू बाकीच्याही गेल्या.

आप्पा ती आत ढकललेल्या बुचाची बाटली घेऊन, मला बरोबर घेऊन, बाईंकडे गेले. "दुकानात न्हाई येणार, बाई. मला माफ करा. ही तेवढी घ्या." बाईंनी बाटली उजेडात धरली. "ही कुणी प्यायली?" आप्पा म्हणाले, "मी." बाई मटकन खुर्चीत बसल्या. पुढं उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या मुलाची बदली झाली. जाताना त्यांनी माझ्याकडं जांभळाच्या रंगाचा एक काचेचा पेला दिला, आप्पांसाठी. तो मी घरात आणायची हिंमत केली नाही. दुकानात पैशाची चिल्लर ठेवायला वापरला.

आप्पांनी वाईन चाखल्याची बातमी त्या दिवशी आमच्या आधी घरी पोचली होती. त्या दुपारी अव्वांनी आप्पांचं ताट स्वयंपाकघरातून उचललं आणि ओसरीवर नेऊन ठेवलं. मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याला तू वाढत जा." तेव्हापासून त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मठाच्या पंचांतून आप्पांनी आपणहून नाव काढून घेतलं. पाद्यपूजा त्या वर्षी समोरच्या घरी झाली. अव्वा खिडकीच्या आड उभ्या राहून समोरचा मांडव बघत होत्या आणि मी त्यांच्या मागं उभी होते. त्या रडल्या नाहीत. मला ते रडण्याहून जड गेलं. आप्पा रोज पहाटे लिंगपूजा करायचे, ओसरीवर बसून जेवायचे, कशाबद्दल तक्रार करायचे नाहीत. कुणी अव्वांबद्दल त्यांच्यापाशी काही बोललं तर म्हणायचे, "तिचं बरोबर हाय."

पावसाचा पत्ता नव्हता. असेच दिवस चालले होते. एका दुपारी मी ओसरीवर ताट नेलं, भाकरी वाढली, आमटी वाढली. आप्पा ताटाला हात लावीनात.

"तिला विचार, तिचं जेवण झालं का."

मी आत गेले. अव्वा चुलीपाशी होत्या, सगळं ऐकू येत होतं. तरी मी विचारलं. "त्यांचं झाल्याबगर माझं कसं होईल?" अव्वा मला म्हणाल्या. मी बाहेर येऊन ते सांगितलं.

"तिचं ताट वाढून इकडं आण," आप्पा म्हणाले. "माझ्यासमोर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या घरात कुठल्याही बाईनं नवऱ्यासमोर बसून घास तोंडात घातलेला नव्हता. अव्वांच्या सासूनं नाही, अव्वांनी नाही, मीही नाही. आत काहीतरी भांडं आपटल्याचा आवाज आला.

"त्यानला म्हनाव, आमटी गार होऊन राहिली," अव्वांचा आवाज आला.

"तिला सांग, ती येऊन बसल्याबगर मी घास घेणार न्हाई."

"लोक का म्हनतील, इचार."

"लोकांचं म्हणून झालंय सगळं," आप्पा म्हणाले.

मी उंबऱ्यात उभी, दोघांच्या मध्ये. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं आणि तरी दोघंही माझ्याकडूनच बोलत होते.  बाहेर टँकरचा भोंगा वाजला, शेजारच्या बाया घागरी घेऊन धावल्या. मी जायला हवं होतं, पण मला हलवेना.

अव्वा बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. आप्पांच्या समोर, पण तोंड पूर्ण भिंतीकडे करून त्या बसल्या. मी धावत आत जाऊन त्यांचं ताट वाढून आणलं. घाईत आमटी ताटाच्या काठावर सांडली. अव्वांनी एक तुकडा मोडला आणि नुसता हातात धरून ठेवला. आप्पांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. दुसरा घेतला.

"खा," ते म्हणाले.

अव्वांनी घास तोंडात घातला. पदर जरा सरकला होता, मला त्यांची मान आणि कान तेवढे दिसत होते. लाजेनं कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नव्या नवरीच्या होतात तशा.

"आमटीत मीठ कमी हाय का गं?" आप्पांनी विचारलं. मला नाही, त्यांना.

अव्वांनी आणखी एक घास घेऊन बघितलं. "कमी हाय," त्या भिंतीला म्हणाल्या. मग, "रोजच कमी पडतंय का?"

"कधी कमी, कधी जास्त."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईत?"

"तू समोर कुठं होतीस?" आप्पा म्हणाले.

अव्वा भिंतीकडून वळल्या. मी भाकरी हातात घेऊन उभी होते, आणि आधी कुणाच्या ताटात वाढावी ते मला कळेना.